इंग्रजीशी रोजची उठबस

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या किराणा दुकानात अर्धा तास उभे राहिले, तर चार भाषा सहज कानावर पडतात. दुकानदार घरच्यांशी तेलुगूत बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठीत. अक्कलकोटकडून माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याशी कानडीत हिशेब होतो आणि शेजारच्या गल्लीतल्या पोराला हाक जाते ती दखनी वळणाच्या हिंदीत. यांतल्या निदान दोन भाषा त्याने कुठल्याही वर्गात बसून शिकलेल्या नसतात. उधारी मागायची होती, भाव पाडायचा होता, प्रसंगी भांडायचे होते; म्हणून त्या आल्या. चुकल्याबद्दल कोणी गुण कापले नाहीत. हसले असतील, पण माल दिला.

रेल्वेरूळ ओलांडून दक्षिणेला गेले की विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या बाजूने जुळे सोलापूर पसरलेले आहे. गिरण्या थंडावल्या, पेठांतली घरे अपुरी पडू लागली, नोकरदारांची संख्या वाढली, तसे शहर इकडे सरकत आले. आसरा चौकापासून सैफुलपर्यंत फिरताना बंगले, अपार्टमेंट आणि शिकवण्यांच्या पाट्या एकमेकांना चिकटून दिसतात. 'फाडफाड इंग्रजी'चे आश्वासन देणाऱ्या पाट्याही त्यांत असतात. या वस्तीत अशी घरे भरपूर आहेत जिथे आजी कानडीत रागावते, वडील मराठीत समजूत काढतात, पोरगा मित्रांशी 'काय बे' करत सोलापुरी बोलतो आणि सिनेमा हिंदीत बघतो. तोच पोरगा पदवीधर झाल्यावर पुण्यात किंवा हैदराबादेत मुलाखतीला बसतो आणि इंग्रजीच्या साध्या वाक्यापाशी अडतो.

त्याला भाषा येत नाहीत असे म्हणायची सोय नाही. तीन-चार येतातच. पण त्या त्याला कामातून मिळाल्या आणि इंग्रजी परीक्षेतून. पुढच्या पानांचे सगळे म्हणणे एवढ्यावर उभे आहे: जी रीत सोलापूरकराने तेलुगू, कानडी आणि हिंदीसाठी वापरली, ती त्याने इंग्रजीलाही लावावी. इंग्रजीला दिवसाच्या कामांत छोटी का होईना, पण खरी जागा द्यावी.

देशातले चित्र आधी पाहू. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून सांगणारे लोक सुमारे २ लाख ६० हजार होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे मात्र पावणेतेरा कोटींच्या घरात होते. म्हणजे भारतात इंग्रजी बोलणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ती बाहेरून शिकलेला आहे. समोरच्याचे इंग्रजी ऐकून घाबरणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले, कारण समोरचाही याच वाटेने आलेला असतो.

महाराष्ट्राने शाळेत इंग्रजी कधी आणावी यावर बरेच पाणी घातले आणि उपसले. स्वातंत्र्यानंतर ती आठवीपर्यंत मागे गेली, पुढे पाचवीवर आली आणि २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून सुरू झाली. त्या पहिल्या तुकड्यांतली मुले आता तिशीत आहेत. दहा-बारा वर्षे इंग्रजीचा तास होऊनही त्यांतल्या अनेकांच्या तोंडून वाक्य सुटत नसेल, तर दोष मुलांच्या डोक्यात शोधण्यापेक्षा त्या तासात बोलायची वेळ किती मुलांवर आणि किती मिनिटे आली, हे मोजणे बरे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांचे गणित कोणीही करू शकतो.

त्याआधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटली. हल्ली तिची टिंगल करण्याची फॅशन आहे, आणि ती अन्यायाची आहे. मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत फिरवताना वाक्याचे सांधे हाताला कळतात. कचेऱ्यांतून नेटके टिपण लिहिणारी, इंग्रजी ग्रंथ पचवणारी माणसे त्या पाठमालेने घडवली. तिने बोलकी माणसे घडवली नाहीत, कारण ते तिचे काम नव्हते. पुढे रॅपिडेक्स आले आणि त्याच्या जाहिरातीत कपिल देव दिसू लागला. साठ दिवसांचा तो अभ्यासक्रम पहिल्या आठ-दहा पाठांपर्यंत खुणा केलेला आणि पुढे कोरा, अशा अवस्थेत अजूनही कितीतरी माळ्यांवर सापडेल. पुस्तक वाईट नव्हते. पाठ झालेली वाक्ये बोलायला घरात, गल्लीत कोणी नव्हते, आणि न वापरलेले वाक्य टिकत नाही.

मराठी माणसाने इंग्रजीला खरे काम दिल्याची सर्वांत ठळक गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच्या आसपासची आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणाबद्दल एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघताना वाचले आणि आनंदीबाईंना पत्र घातले. आनंदीबाई तेव्हा पंधराएक वर्षांच्या होत्या. पुढची सुमारे तीन वर्षे दोघींची पत्रे जात-येत राहिली. इकडच्या चालीरीती, घर, प्रकृती, तिकडचे जग, सगळे त्या पत्रांत येई. बोटीने जाणारे पत्र आणि त्याचे उत्तर यांत महिने जात. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत याचा खुलासा करणारे भाषण इंग्रजीत दिले. त्याच वर्षी त्या निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या.

गोपाळरावांच्या शिकवण्याच्या कडक, पुष्कळदा क्रूर पद्धतीची चर्चा नेहमी होते. पत्रांची तेवढी होत नाही. आठवड्यातला एखादा तास बसून, न पाहिलेल्या पण उत्तराची वाट पाहणाऱ्या बाईला आपले घर समजावून सांगायचे, याहून चांगला सराव कोणता? शब्द शोधावा लागे तो परीक्षकासाठी नव्हे, तिला कळावे म्हणून.

रमाबाई रानडे यांच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारची शाळा आली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त त्यांनी ते सारे सांगितले आहे. पती न्यायमूर्ती रानडे घरी शिकवीत, पुढे शिकवायला मिशनरी बाई येऊ लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे पसंत नव्हते. बाईंना शिवल्यामुळे धडा संपला की स्नान करणे आले. आज जुळे सोलापुरातल्या एखाद्या सुनेला यूट्यूबवरचा धडा ऐकताना 'आता या वयात काय करायचंय' असा टोमणा ऐकावा लागतो, तो त्याच घराण्यातला आहे. निदान त्यापायी अंघोळ करावी लागत नाही.

सोलापुरात दुसरी भाषा शिकण्याविषयी बोलताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना वगळता येत नाही, जरी त्यांची ती भाषा इंग्रजी नव्हती. १९१० साली याच शहरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये पाच जणांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला. युद्धात जखमी झालेला सैनिक कुठे दुखते ते चिनीतच सांगणार. दुभाषा प्रत्येक खाटेपाशी असणार नव्हता. कोटणीस चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. चीनमध्ये काम केलेले कॅनेडियन डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. भय्या चौकाजवळ त्यांचे जन्मघर आता स्मारक आहे. शाळेच्या सहली तिथे जातात आणि देशभक्तीचा धडा ऐकून परततात. तिशीच्या उंबरठ्यावर, अक्षरांपासून सगळे अनोळखी असलेली भाषा ते कामावर शिकले, हेही त्या मुलांना कोणी सांगायला हवे.

युद्ध आणि बोट दोन्ही नसलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी? कानापासून. सोलापूर स्थानकावर गाडीची सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी पाठोपाठ होते. मजकूर तोच: गाडीचा क्रमांक, नाव, कुठून कुठे, कोणत्या मार्गाने, कितव्या फलाटावर. मराठीत अर्थ आधीच कळलेला असतो, त्यामुळे इंग्रजी ऐकताना लक्ष फक्त आवाजाकडे देता येते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा १२११६ हा क्रमांक 'वन टू वन वन सिक्स' असा सुटा सुटा येतो. २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या वंदे भारतचा २२२२६ तर कानाची चांगलीच परीक्षा घेतो. पाहुण्यांना आणायला लवकर गेलेल्याला वीस मिनिटे हा सराव फुकट मिळतो. (आकड्यांच्या बाबतीत मराठी माणूस एरवीही अर्धा इंग्रज झालेलाच आहे. मोबाइल क्रमांक मराठीत सांगितला तर समोरचा 'इंग्लिशमध्ये सांगा' म्हणतो.)

क्रिकेटचे समालोचन हा दुसरा मोठा खजिना. भाषा शिकणाऱ्याची खरी अडचण अशी असते, की ऐकलेले शब्द कशाला लावायचे ते कळत नाही. सामन्यात ते समोरच घडत असते. चेंडू सीमेपार गेला, झेल सुटला, पंचाने बोट वर केले, आणि त्याच क्षणी त्याचे इंग्रजी ऐकू येते. आकाशवाणीने हिंदी आणि इंग्रजी समालोचन आलटून पालटून देण्याची रीत ठेवली, तिने तर रेडिओच्या जमान्यात दोन्ही भाषा एकमेकींना लावून ऐकवल्या. शिवाय समालोचनाच्या खोलीतून येणारे आवाज आपलेच. सुनील गावसकर, संजय मांजरेकर, हर्षा भोगले ही सगळी मराठी घरांतली माणसे. त्यांच्या इंग्रजीत लंडन नाही आणि जगात कुठे कोणाला ते कळत नाही असेही नाही. उच्चाराचा नमुना म्हणून ऐकायचेच असेल तर ज्या पायरीपर्यंत आपण पोहोचू शकू अशी माणसे ऐकावीत.

मुद्दाम सोपे केलेले इंग्रजी ऐकवण्याची परंपराही जुनी आहे. बीबीसीने १९४३ मध्ये रेडिओवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९ ऑक्टोबर १९५९ पासून 'स्पेशल इंग्लिश' बातम्या सुरू केल्या: साधारण १,५०० शब्दांचा साठा, छोटी वाक्ये आणि नेहमीपेक्षा तृतीयांशाने मंद गती. आज मोबाइलवर कोणत्याही ध्वनिफितीची गती कमी करता येते, तरी ही कल्पना जुनी झालेली नाही. कठीण ते ऐकत राहिल्याने कान तयार होतो हा गैरसमज आहे. बहुतांश कळते आणि थोडे निसटते, असे ऐकले तर तयार होतो.

सिनेमाबाबत एक पोटसूचना. इंग्रजी सिनेमा मराठी किंवा हिंदी अक्षरांच्या आधाराने पाहिला तर गोष्ट कळते, इंग्रजी मात्र बाजूला राहते. अक्षरेही इंग्रजीच ठेवावीत. ज्या भाषेत ऐकू येते त्याच भाषेत वाचायला मिळाले की वाचन सुधारते, या विचारावर अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून काम केले, आणि १९९९ मध्ये गुजरात दूरदर्शनवर चित्रपटगीतांखाली त्यांचे शब्द दिसू लागले. ते साक्षरतेसाठी होते. इंग्रजी शिकणाऱ्याची गरज फार वेगळी नाही. त्यालाही आवाज आणि स्पेलिंग यांची गाठ घालायची असते, आणि इंग्रजीत ती गाठ भलतीच सैल आहे.

वाचनाकडे वळताना ढाक्यातला एक इंग्रज शिक्षक आठवावा लागतो. मायकेल वेस्ट १९२० च्या दशकात तिथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करत होते. बंगाली मुले इंग्रजी वाचत होती ती पुस्तके त्यांच्या आवाक्याबाहेरची आहेत, एका ओळीत चार नवे शब्द आले की मूल वाचत नाही, नुसते झगडते, हे त्यांनी पाहिले. मग नेहमीच्या वापरातल्या शब्दांची निवड करून, नवे शब्द हळूहळू पेरत त्यांनी वाचनमाला लिहिल्या. १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची प्रसिद्ध यादी आली. पायरीपायरीने लिहिलेली आजची 'ग्रेडेड रीडर' पुस्तके त्याच वाटेवरची. शिकणाऱ्यांना जगभर उपयोगी पडलेली ही युक्ती आपल्या उपखंडातल्या वर्गातून निघाली, आणि आपल्याकडे मात्र अजूनही इंग्रजी सुधारायचे म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो अग्रलेख वाचण्याचा!

अग्रलेख वाचावा, पण नंतर. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासात असे दिसले, की मजकूर आधाराशिवाय नीट समजायला त्यातले शंभरापैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे साध्या पुस्तकाच्या एका पानावर पाच-सहांहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक खाली ठेवावे. लाज वाटायचे कारण नाही. आठवीतल्या मुलाने चौथीचे पुस्तक एका बैठकीत संपवणे, हे त्याने दहावीच्या पुस्तकाचे एक पान शब्दकोश घेऊन फोडण्यापेक्षा जास्त कामाचे आहे.

पुस्तक नसले तरी वाचायला उणीव नाही. औषधाच्या पट्टीवरची सूचना, मिक्सरसोबत आलेले पत्रक, वीजबिलाची मागची बाजू, बँकेचा संदेश, टॉवेलला शिवलेले लेबल. सोलापूरचा टॉवेल हा तर इंग्रजीचा छोटा पाठच असतो: किती अंशांच्या पाण्यात धुवावा, ब्लीच वापरावे की नाही, शंभर टक्के सूत आहे का. ही वाक्ये आज्ञार्थी आणि आखूड असतात. ज्याला इंग्रजीत साधी सूचना द्यायला शिकायचे आहे त्याने दहा लेबले वाचावीत.

शब्द लक्षात राहत नाहीत, ही तक्रार सगळ्यांची. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत वेगाने विसरले जाते. पण विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा पाहिले तर दर वेळी जास्त टिकते. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यावर खोक्याची पद्धत सांगितली. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. बरोबर आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज, पुढचे जास्त जास्त अंतराने. मोबाइलवरची शब्द पाठ करवणारी ॲप हेच करतात. तरी खोके बरे, कारण चिठ्ठी लिहिताना हात काम करतो आणि मध्येच मेसेज येत नाही. एक सुधारणा फक्त सुचवावीशी वाटते: चिठ्ठीवर सुटा शब्द न लिहिता तो जिथे भेटला ते अख्खे वाक्य लिहावे.

आता बोलणे. इथेच गाडी अडते आणि इथेच सल्ले फार मिळतात. 'इंग्रजीत विचार करा' हा त्यांतला सर्वांत निरुपयोगी. ज्याच्याजवळ दोनशे वाक्ये नाहीत त्याने विचार कशाने करायचा? त्यापेक्षा तोंडाला वळण लावावे. एक मिनिटाची सोपी ध्वनिफीत घ्यावी, एकदा ऐकावी, मग बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, जवळजवळ त्याच्याबरोबरच ते बोलावे. अर्थाची काळजी आधीच मिटलेली असावी. आठवडाभर एकच फीत पुरते. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला सारखा न्याय देतो. इंग्रजी एका अक्षरावर जोर देते आणि बाकीची गिळते. हा ताल नियम वाचून येत नाही, मागून म्हणूनच येतो.

उच्चारांचे म्हणाल तर मराठी माणसाने फार न्यूनगंड बाळगू नये. आपल्या लेखनाने 'व' आणि 'व्ह' वेगळे ठेवले आहेत, ॲ आणि ऑ यांची सोय केली आहे. 'स्नॅक्स' आणि 'स्नेक्स' यांतला फरक मराठी पाटी अचूक दाखवते. घोटाळा होतो तो खालच्या इंग्रजी अक्षरांत. खरी चूक वाक्यात होते, विशेषतः प्रश्नात. मराठीत प्रश्न विचारताना क्रियापद जागचे हलत नाही. म्हणून 'व्हाय यू आर लेट?' तोंडात येते. यावर व्याकरणाचे प्रकरण वाचण्यापेक्षा रोज घरातल्यांना दहा प्रश्न विचारावेत: चहा झाला का, किल्ली कुठे आहे, बस कधी आहे. उत्तर मराठीत आले तरी हरकत नाही.

बोलायला माणूस नाही ही सबब फोनने बरीच निकामी केली आहे. कीबोर्डची भाषा 'इंग्लिश इंडिया' ठेवून बोलून टाइप करायला लागावे. जे म्हटले ते पडद्यावर उमटले तर उच्चार समजण्याजोगा आहे. भलतेच उमटले तर पुन्हा म्हणावे; फोनला कंटाळा येत नाही आणि तो नातेवाइकांना सांगत नाही. उत्तर देणारी संभाषणाची ॲपही आता हाताशी आहेत आणि धीटपणा यायला ती उपयोगी पडतात. मात्र ती जरा जास्तच समजूतदार असतात. अर्धवट वाक्याचाही अर्थ लावून घेतात. तेव्हा जोडीला माणूस हवाच. बँकेच्या किंवा गॅसच्या ग्राहकसेवेला फोन लावल्यावर भाषा निवडायला सांगतात, तिथे एखाद्या दिवशी मुद्दाम इंग्रजीचे बटण दाबावे. पलीकडचा माणूस ऐकायलाच बसलेला असतो, त्याला आपले नाव-गाव पुन्हा कधी दिसणार नसते, आणि फोन ठेवल्यावर शिल्लक रक्कम तरी कळलेली असते.

दुसरी सोय शेजारची. धर्मवीर संभाजी तलावाकडे किंवा कॉलनीतल्या बागेत सकाळ-संध्याकाळ फिरणारे पुष्कळ आहेत. दोघांनी ठरवावे, पहिली फेरी इंग्रजीत, बाकी आपल्या भाषेत. फेरी संपली की सुटका आहे हे ठाऊक असले की माणूस टिकतो. विषय राजकारणाचा नको. तिथे आवाज चढतो आणि मराठी सुरू होते.

शिक्षकांनाही अशा जागेची गरज असते, हे मान्य करायला आपल्याकडे उशीर झाला. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'तेजस' प्रकल्पात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने भेटत, इंग्रजीत बोलत, वर्गातल्या अडचणी मांडत आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर चर्चा चालू ठेवत. वर्गात इंग्रजी बोलायला कचरणारा शिक्षक आधी आपल्याच बरोबरीच्यांत बोलून मोकळा होतो, एवढी साधी त्यामागची समज.

याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा २०२० च्या डिसेंबरात जगभर गाजली. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली, त्याचीच बातमी मोठी झाली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या. एक, पुस्तकावर छापलेला क्यूआर कोड. मूल घरी फोनवर तोच धडा, तीच कविता हवी तितक्या वेळा ऐकू शकते. वर्गात पुन्हा विचारायची भीड उरत नाही. दुसरी, व्हिडिओवरून दूरदेशीच्या वर्गांशी मुलांची गाठ घालून देणे. पडद्यावर समोर दुसऱ्या देशातले मूल बसले की 'माय नेम इज' हे वाक्य पहिल्यांदा खऱ्या उपयोगाचे होते.

आनंदीबाईंच्या पत्रांचा वारसा आज सोलापुरात कोणी चालवत असेल तर तो टॉवेलचा धंदा. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतून माल परदेशी जातो, आणि मालाआधी ई-मेल जातो. किती जीएसएमचा टॉवेल, कोणता आकार, कडेला डॉबी की जॅकार्ड, रंग किती, खोक्यात नग किती, माल बंदरावर कधी. यांतली वाक्ये फार तर चाळीस-पन्नास प्रकारची असतात. ती ज्याला येतात त्याचे काम अडत नाही, मग शेक्सपियर वाचलेला असो की नसो. प्रत्येक कामाचे असे चाळीस-पन्नास वाक्यांचे इंग्रजी असते. परिचारिकेचे वेगळे, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचे वेगळे, हॉटेलच्या स्वागतकक्षातले वेगळे. आपापली वाक्ये आधी गोळा करून वहीत लिहून काढणे, हा पुढच्या पानांतला सर्वांत लांब सराव आहे आणि तो लांब ठेवण्यामागे कारण आहे: बाकीचे सराव आवडीने होतात, हा पोटासाठी होतो.

शेवटी घरातली गोष्ट. २०१२ च्या 'इंग्लिश विंग्लिश'मधली शशी ही मराठी गृहिणी इंग्रजी शिकायला न्यूयॉर्कमध्ये वर्गात जाते. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांना हा सिनेमा सुचला तो पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या आईवरून. जुळे सोलापुरात इंग्रजी माध्यमात मूल घातलेल्या आणि स्वतः मराठी, कानडी किंवा तेलुगू माध्यमात शिकलेल्या आया ठिकठिकाणी आहेत. शाळेच्या वहीतली सूचना कळत नाही म्हणून त्या अवघडतात. त्यांनी गृहपाठ घेण्याचा आव सोडून द्यावा आणि मुलाला शिक्षक करावे. मुलाने धडा मोठ्याने वाचायचा, आईने मागून म्हणायचा, मग मुलाने घरच्या भाषेत अर्थ सांगायचा. अर्थ सांगता आला नाही तर मुलालाही धडा कळलेला नाही हे तिथेच उघड होते. दोघांचा अभ्यास एका तासात उरकतो, आणि आईची चूक काढायला मिळते म्हणून मूल आपणहून बसते.

पुढची मांडणी ऐकणे, वाचणे, बोलणे, लिहिणे अशी आहे, पण तिचा क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. पंधरा दिवसांवर मुलाखत असलेल्याने बोलण्याचे प्रकरण आधी उघडावे. ज्याला धंद्याचा पत्रव्यवहार सांभाळायचा आहे त्याने थेट शेवटच्या भागाकडे जावे. बाकी कोणतीही घाई नसलेल्याने एकच सराव निवडून महिनाभर तोच करावा आणि मगच दुसऱ्याला हात घालावा. व्याकरणाचे तक्ते परिशिष्टात, बारीक टाइपात दिले आहेत. अडले तर पाहावेत.